भुरीची परळ

कुणी कुत्रं मागायला आलं की चाचा त्याला आधी तांब्याभर पाणी द्यायचे आणि त्याचं पिऊन होताच एकच प्रश्न विचारायचे.

"दुपारले घरमा कोण ऱ्हास?"

माणूस गोंधळायचा. कुत्रं हवं असतं राखणीला, त्यात दुपारचा काय संबंध? चाचा समजावून सांगत. संध्याकाळी सगळेच घरी असतात, तेव्हा कुत्र्याला चुचकारायला पैसा पडत नाही. चैत्र-वैशाखात भर दुपारी त्याच्या भांड्यातलं पाणी तापलं तर ते बदलायला कोण उठणार, ते सांग. उत्तर मनासारखं आलं नाही की चाचा तांब्या उचलून आत ठेवायचे.

"तुले कुत्रं नको रे भाऊ. कुलूप लई ये. कुलूपले तहान लागत नही."

चाचा जातिवंत सलोतरी. घोड्यांचे वैद्य म्हणा, हकीम म्हणा. आमचं गाव तापीच्या काठी, सारंगखेड्यापासून तीन कोसांवर. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली की चाचांनी दात आणि खूर पाहिल्याशिवाय शहाणा गिऱ्हाईक घोड्याच्या लगामाला हात लावत नसे. उरलेलं वर्ष ते नाल ठोकणं, सुजलेल्या गुडघ्याला शेक देणं असली कामं करत. पण घोड्यांवर त्यांचं पोट होतं आणि जीव होता कुत्र्यांवर. त्यांच्या शेडमध्ये पाच-सात कुत्री कायम असत. त्यांनी एकही कधी विकलं नाही. द्यायचे, तेही स्थळ पाहून. मुलीचा बापसुद्धा इतक्या बारकाईनं स्थळ पाहत नाही. निदान माझ्या बापानं पाहिलं नव्हतं.

हे सांगायचं कारण असं की मी नवऱ्यानं टाकलेली बाई. धुळ्याला ट्रेनिंग करून मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधी या गावी बदली झाली. आई धानोऱ्याहून माझ्यासोबत राहायला आली. आम्हाला मिळालेल्या खोलीची खिडकी बरोबर चाचांच्या शेडसमोर उघडायची. घोड्याच्या लिदीचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास आमच्या वरणाला लागे, असं आई म्हणायची.

चाचांचे कपडे दोन जोड. एक खाकी, कुत्र्यांचा. एक पांढरा, नमाजाचा. खाकी जोड शेडच्या खुंटीवर, पांढरा शेजारी भावाच्या घरी पेटीत. कुत्र्याला हात लागला की ते सात वेळा हात धूत, अंघोळ करत, मग पांढरा जोड घालून मशिदीत जात. पांढऱ्या कपड्यात असताना एखादं पिल्लू पायात आलं तर दोन्ही हात वर करून उभे राहत आणि पिल्लाला अहिराणीत समजावत. भावाच्या घरी कुत्रं नको होतं, म्हणून चाचा बायको वारल्यापासून शेडमध्येच राहत. मी एकदा विचारलं, की घर असून असं बाहेर राहायचं कशाला?

ते म्हणाले, "कुत्रं शे तथं फरिश्ता येत नही म्हणतस. भाऊना घरमा पोरंसोरं शेतस, तथं फरिश्तानं काम शे. मन्हाकडे येईसन तो काय करी?"

हसत म्हणाले, पण मला ते ऐकून बरं वाटलं नाही. एकट्या माणसाचे विनोद एकट्या माणसाला कळतात.

कुत्र्यांच्या जातींबद्दल त्यांची मतं ठाम होती. लमाणांच्या तांड्यांबरोबर येतं ते कारवानी कुत्रं, लांब तोंडाचं, बरगड्या दिसणारं. ते डोळ्यानं शिकार करतं. त्याला दारात बांधून ठेवाल तर वर्षात मनानं मरेल, आणि कातडी इतकी पातळ की पौषाच्या थंडीत त्याच्यावर गोणपाट टाकायलाच हवं. धनगराचं केसाळ कुत्रं एकाच माणसाचं. तो माणूस मेला तर ते दुसरा करत नाही, म्हणून म्हाताऱ्याला धनगरी कुत्रं देऊ नये. (स्वतः म्हाताऱ्या चाचांजवळ काळ्या नावाचं धनगरी कुत्रं होतं. यावर बोललेलं त्यांना चालत नसे.) साहेबांचे छोटे टेरियर बाग उकरतात, तो त्यांचा दोष नव्हे, त्यांचं काम आहे. आणि गावठी? गावठी कुत्र्याला लोक जात मानत नाहीत, हा लोकांचा अडाणीपणा. खान्देशाचा उन्हाळा सोसायला तेच जन्माला आलंय.

कापसाच्या भावानं फुगलेल्या एका शेतकऱ्यानं मुंबईहून बुलडॉग आणला होता. सगळा गाव पाहायला लोटला. चाचांनी त्याच्या नाकपुड्या पाहिल्या, छातीला कान लावला आणि म्हणाले, "याले श्वास पुरत नही. वैशाखना आत कोना थंड मुलखातला साहेबले दी टाक." त्यानं ऐकलं नाही. वैशाखात ते जनावर भर दुपारी ओसरीवर धापा टाकत मेलं. पुढच्या वर्षी तोच शेतकरी चाचांकडे कारवानी पिल्लू मागायला आला. चाचा त्याच्या घरी गेले, अंगणात बाजेवर सकाळपासून जेवणवेळेपर्यंत बसले, आणि उठून आले. का नाही दिलं, तर म्हणे, सकाळपासून त्यानं घरातल्या कुणालाही नावानं हाक मारली नाही. "बैलले ए, बायकोले ए, गडीले ए. मंग कुत्राले कसं समजी, कोणले बलाई ऱ्हायना?"

अशा माणसाकडे मी कुत्रं मागितलं. कारण साधं होतं. मी शाळेत गेले की आई घरात एकटी, आणि गावातली दोन-चार रिकामी माणसं 'मास्तरीणबाई घरी आहेत का' म्हणत नको त्या वेळी दाराशी खाकरत. मला ते लांब तोंडाचं कारवानी पिल्लू आवडलं होतं. चाचांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ते घरी आले, दारातच बसले. आईला विचारलं की सकाळी आधी कोण उठतं, वीज कडाडली की कोण घाबरतं, रांजण कुठे असतो. मग तिचे हात पाहिले, उलटेसुलटे. आई बुजून गेली.

"कारवानी तुमले नको, बाई," ते मला म्हणाले. "ते पयनारं शे, तुमनी माय पयनारी नही. ही लई जा."

ही म्हणजे गावठी कुत्री. मातकट रंग, एक कान मोडलेला. मी जरा नाराजच झाले. आईनं तिचं नाव भुरी ठेवलं.

चाचांकडच्या कुत्र्यांची एक खोड साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून त्याला भाकरीचा तुकडा देववत. त्या तुकड्यात लाल मिरची असे. चांगली भाकर मिळे ती फक्त त्याच्या स्वतःच्या परळेत, मातीच्या पसरट ताटलीत, आणि चाचांनी 'बिस्मिल्ला' म्हटल्यावर. चाचा स्वतः तो शब्द म्हटल्याशिवाय घास घेत नसत, कुत्र्यांनाही तीच शिस्त. पंचक्रोशीला खोड ठाऊक होती, शब्द नव्हता; तो ते हळूच म्हणत आणि कुत्रं नेणाऱ्या घरालाच सांगत. महिना-दोन महिन्यांत पिल्लू इतकं पक्कं होई की समोर मटण ठेवलं तरी शब्दाशिवाय नाक लावत नसे.

"मन्हं कुत्रं उपाशी मरी जाई," ते म्हणत, "पण दुसराना हातनं खाणार नही."

हा नुसता तोरा नव्हता. एका साली मोकाट कुत्री फार झाली म्हणून वरून हुकूम आला आणि गावात कुचल्याचे गोळे टाकले. कुचला म्हणजे जहर. त्या दिवशी चौकात वीसेक कुत्री तडफडली आणि चाचांची सातच्या सात कुत्री गोळ्यांच्या शेजारी जीभ बाहेर काढून बसून राहिली. तेव्हापासून दवंडी झाली तरी चाचा कुत्री बांधत नसत. बांधणं त्यांना अपमान वाटे.

भुरी परळेसकट आमच्याकडे आली. अडचण निघाली ती शब्दाची. मी शाळेत असताना दुपारचं खाणं आई घालायची, आणि आई दत्ताची पक्की भक्त. दर गुरुवारी उपास, पोथी.

"मन्हा तोंडे ते येत नही, बाई. काय करू?" ती मला म्हणाली. "कोना धरमना द्वेष नही मन्हा मनमा. पण जीभ वळत नही."

भुरी परळेपुढे बसून आईकडे पाही आणि आई भुरीकडे. दोन दिवस मी शाळेतून येईपर्यंत कुत्री उपाशी राहिली. शेवटी मीच तोडगा काढला. आठवडाभर मी आधी बिस्मिल्ला आणि लगेच 'दत्त दत्त' म्हणत गेले, मग पहिला शब्द सोडून दिला. आठ-दहा दिवसांत भुरी 'दत्त दत्त' म्हटल्यावर खाऊ लागली. आपण मोठी शिकवणी केली असं मला वाटलं. चाचांना सांगितलं तर ते खो खो हसले.

"माय, दत्त तं दत्त," ते आईला म्हणाले. "कुत्रा तं त्यानाज शेतस."

आईलाही ते पटलं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, चार वेद. भुरी त्यातलीच एक, असं ती शेजारणींना सांगू लागली. दाराशी खाकरणारे तर आठ दिवसांतच रस्ता बदलून गेले. भुरी भुंकत नसे. नुसती उठून उभी राही. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी असं कुणी उठून उभं राहिलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या वर्षी दत्तजयंतीला आम्ही बैलगाडीनं सारंगखेड्याला यात्रेला गेलो. भुरी गाडीमागून आली. मला ती मिरवायची होती, हे कबूल करते. दर्शनाच्या रांगेत बायका कुत्र्यांना पेढा, भाकरी, गूळ घालत होत्या. त्या दिवशी दत्ताच्या कुत्र्याला घास दिल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. एका बाईनं भुरीपुढे पेढा धरला आणि म्हणाली, "दत्त दत्त." भुरीनं माझ्याकडे पाहिलं. मग खाल्ला. दुसरीनं धरला, दत्त दत्त. तिनं तोही खाल्ला. यात्रेत प्रत्येकाच्या तोंडी तेच नाव. आई कौतुकानं पाहत होती, मीही. संध्याकाळपर्यंत भुरी माझ्याकडे पाहायचीही थांबली होती.

परत आल्यावर मी हे सगळं चाचांना मजेनं सांगितलं. ते घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसले होते. कानस थांबली.

"कितला लोकस्ना हातनं खादं?"

"कुणी मोजलं, चाचा? सगळ्यांच्याच."

त्यांनी खूर मांडीवरून खाली सोडला. मग म्हणाले, "बाई, ज्या कुलूपनी चाबी बठास्ना हातमा शे, ते काय कामनं? शब्द बदली टाका. पंधरा दिन लागतीन. रोज सांजले तिले लई या."

मी हो म्हटलं. दोन दिवस नेलंही. मग इन्स्पेक्टरसाहेब येणार असल्याचं पत्र आलं. मुलींचं पाठांतर, तक्ते, शिवणाचे नमुने, यांत संध्याकाळी जाऊ लागल्या. चाचा खिडकीतून एकदा म्हणाले, "बाई, भुरी?" मी म्हटलं, "तपासणी झाली की लगेच." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी पुन्हा विचारायला हवं होतं, असं मी कितीतरी वर्षं मनात म्हणत आले. आपला दोष दुसऱ्याच्या ओंजळीत घालायची सवय लवकर जात नाही.

यात्रा उठली. व्यापारी गेले आणि त्यांच्यामागे राहिलेली कुत्री गावोगाव फिरू लागली. एका गड्याला पिसाळलेलं चावलं. पुन्हा हुकूम आला, दवंडी फिरली, की पाळलेली कुत्री शुक्रवारी बांधून ठेवा. तपासणी नेमकी शुक्रवारी. सकाळी निघताना मी भुरीच्या गळ्याकडे पाहिलं. घरात दोरी होती, खुंटीला अडकवलेली, हात पुरेल इतक्या अंतरावर. पण चाचांची कुत्री बांधायची नसतात, हे मलाही आता अंगवळणी पडलं होतं. मी तिच्या मोडक्या कानावरून हात फिरवला आणि शाळेत गेले. समोर चाचांचीही सगळी मोकळीच होती.

इन्स्पेक्टरसाहेबांपुढे मुलींनी तापीचा उगम बरोबर सांगितला. मला शेरा चांगला मिळाला.

घरी आले तर भुरी उंबऱ्यात आडवी. चौकातून दारापर्यंत आली होती. पाय ताठ, मान मागे गेलेली. आई तिच्या डोक्याशी बसून पदरानं तिचं तोंड पुसत होती, आणि गोळे टाकणारा माणूस आमच्या दारात उभा राहून रडत होता. गावचाच होता, दर गुरुवारी दत्ताच्या देवळात झाडलोट करणारा. पोटासाठी त्यानं हे काम घेतलं होतं.

"माय, दत्तनी कुत्रा मारानी माले भीती वाटे," तो आईला सांगत होता. "म्हणीसन परतेक गोयाले देवनं नाव लिधं. दत्त दत्त म्हणू आनि टाकू. तुमनी भुरी लांब बठेल व्हती. गोया देखे पण उठे नही. मी दुसरा कुत्राले टाका, दत्त दत्त म्हणत, तशी ती उठनी आनि मन्हासमोर ईसन बठनी. मी तिले हाकली बी. तोपर्यंत तिनी खाई टाकं व्हतं."

आई त्याला रागावली नाही. त्याला पाणी दिलं.

चाचा मशिदीतून येत होते. शुक्रवार असल्यानं अंगावर पांढरा जोड, इस्त्रीचा. गर्दी पाहून ते आमच्या दाराशी आले. तो माणूस त्यांच्यापुढे पुन्हा सगळं बोलला. चाचांनी ऐकून घेतलं. मग खाली वाकले आणि भुरीला दोन्ही हातांवर उचललं. तिच्या तोंडातला फेस त्यांच्या छातीला लागला. त्या कपड्यात त्यांनी कुत्र्याला कधी बोटही लावू दिलं नव्हतं. भाऊ शेडशी उभा होता, त्यानं वाट दिली. तसेच तिला घेऊन चाचा नदीकडे चालत गेले. मी मागोमाग गेले. वाळूत खड्डा त्यांनीच खणला.

"चाचा, चूक माझी," मी म्हटलं. "मी आणलं नाही तिला."

"नही बाई. मी घर देखं, हात देखात, दुपार इचारी. तोंडमा कोणता शब्द शे, ते देखाले इसरनू. तुमीन सांगं तव्हय माले हसू वनं. तथंच चुकनू."

मी तेव्हा रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही, की समजूतही घातली नाही.

त्यानंतर चाचांनी कुणालाही कुत्रं दिलं नाही. लोक येत, ते पाणी देत आणि काहीच विचारत नसत. माणूस थोडा वेळ बसून जाई. शेडमधली कुत्री म्हातारी होत एकेक करून गेली. त्यांच्या जागी नवं पिल्लू आलं नाही. पुढच्या दवंडीला चाचांनी आपली उरलेली तिन्ही कुत्री दोरीनं बांधली आणि दिवसभर त्यांच्याजवळ बसले. मी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. यात्रेतही त्यांनी जाणं सोडलं. 

दोन वर्षांनी थंडीत ते छातीच्या दुखण्यानं गेले. मागं राहिला तो काळ्या, धनगरी. म्हाताऱ्याला धनगरी कुत्रं देऊ नये म्हणत, ते का हे तेव्हा दिसलं. काळ्या शेडच्या दाराला पाठ लावून पडून राहिला. भावाच्या घरून रोटी आली, शेजाऱ्यांनी दूध आणलं, त्यानं नाकही लावलं नाही. भावाच्या मुलांना शब्द ठाऊक नव्हता. चाचांनी कुत्री घरापासून दूर ठेवली ती ठेवलीच. कुत्री दिलेली बाकीची घरं परगावची, तेव्हा गावात तो शब्द ठाऊक असलेल्या दोघीच, मी आणि आई.

दुसऱ्या दिवशी मी भाकर घेऊन गेले. त्याच्यापुढे बसले. शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडला. ज्या तोंडानं मी तो एकदा पुसून टाकला होता, त्या तोंडानं पुन्हा म्हणायची मला लाज वाटली. भाकर तिथेच ठेवून परत आले. ती संध्याकाळी मुंग्यांनी खाल्ली.

चौथ्या दिवशी शाळा सुटून येत होते. गल्लीच्या टोकावरूनच पाहिलं. आई शेडपुढे मातीत बसली होती. तिच्या हातात भुरीची परळ होती. कोपऱ्यात दोन वर्षं पालथी पडलेली ती परळ तिनं घासून धुतली होती आणि तिच्यात दुधात भाकर कुस्करली होती. दिवस गुरुवारचा, आईचा उपास. मी जवळ जाऊन थांबले. तिनं मला पाहिलं नाही. परळ काळ्यापुढे सरकवली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि नैवेद्य दाखवताना बोलते तितक्याच हळू म्हणाली, "बिस्मिल्ला."

काळ्यानं मान उचलली. बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग उठला, कसाबसा, आणि खाऊ लागला.

आई उठली नाही. परळ रिकामी होईपर्यंत तिथेच बसून राहिली. घरी येताना तिनं माझा हात धरला, आणि उंबऱ्याशी, जिथं भुरी पडली होती तिथं, थांबली.

"इतलंसंच तं व्हतं," ती म्हणाली.